फोटो काढू, की बाळंतपणापर्यंत दाढ सोसू?

पत्र थोडक्यात : वसमत तालुक्यातल्या एका गावातून २६ वर्षांच्या ताईंनी लिहिलं आहे. त्यांचा पाचवा महिना संपत आला आहे. पंधरा दिवसांपासून उजवीकडची खालची दाढ ठणकते. दिवस कामात कसाबसा जातो, पण रात्री अंथरुणाला पाठ टेकली की ठणका कानापर्यंत चढतो. मध्ये एकदा गाल सुजला आणि दोन दिवसांनी उतरला. मेडिकलवाल्यानं दिलेल्या गोळ्या चालू आहेत. तालुक्याच्या दाताच्या डॉक्टरांनी तोंड तपासून सांगितलं, आधी दाढेचा डिजिटल फोटो, म्हणजे एक्स-रे, काढू, मग रूट कॅनल करायचं की दाढ काढायची ते ठरवू. फोटोचे ३०० रुपये. सासूबाई म्हणतात, "लेकरू पदरात पडंस्तोवर त्या मशीनीखाली जायचं नाही." नणंदेचा हात मोडला तेव्हा एक्स-रे काढला होता आणि त्यानंतर गरोदरपणाच्या तिसऱ्या महिन्यात तिचं बाळ पोटातच गेलं, ही त्या नकारामागची गोष्ट. नवऱ्याचं म्हणणं वेगळं : "दाढ तर समोर दिसायली, फोटो कशाला? पैसे काढायचं काम आहे सगळं." ताई विचारतात, लवंग धरून चार महिने काढले तर चालतील का? आणि फोटो काढल्यावर बाळाला काही झालं, तर घरात तोंड कसं दाखवू?

ताई,

फोटोचं नंतर बोलू. आधी त्या गोळ्यांचं बोलू, कारण ते उद्यावर टाकता येणार नाही.

मेडिकलमधून आणलेली पट्टी हातात घ्या आणि मागचं बारीक अक्षर वाचा, किंवा वाचून घ्या. डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांतलं काहीही लिहिलेलं असेल, तर आजच थांबवा आणि तुमच्या बाळंतपणाच्या डॉक्टरांना कळवा. पाच महिने उलटल्यावर ही औषधं बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम करू शकतात आणि गर्भजल कमी होऊ शकतं. अमेरिकेच्या औषध नियामकानं २०२० मध्ये याबद्दल स्पष्ट इशारा दिला आहे. दिवस आणखी भरत जातात तसा बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेआधी आकसण्याचा धोकाही वाढतो. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालतं, पण तेही डॉक्टर सांगतील तेवढंच घ्यायचं.

तुमच्या घरात फोटोवर एवढी चर्चा झाली, गोळीवर कुणीच बोललं नाही. यात कुणाचा दोष नाही. गोळी रोजच्या ओळखीची असते आणि मशीन परकं वाटतं. भीती नेहमी परक्याची वाटते. पण तुमच्या बाळाच्या बाबतीत पंधरा दिवसांत खरी काळजीची वस्तू कोणती होती, तर ती उशाशी ठेवलेली पट्टी.

आता फोटो.

एक्स-रेची भीती मुळात खोटी नाही. रोएन्टगेन यांनी हे किरण शोधले नोव्हेंबर १८९५ मध्ये, आणि दोनच महिन्यांत जर्मनीतल्या ऑटो वॉल्खॉफ या दंतवैद्यानं स्वतःच्या दातांचा पहिला फोटो काढला. त्यासाठी त्याला २५ मिनिटं किरणांपुढे राहावं लागलं. अमेरिकेतले एडमंड केल्स नावाचे दंतवैद्य वर्षानुवर्षं किरणांमध्ये उघडे हात घालून काम करत राहिले. त्यांची बोटं गेली, मग हात गेला. तेव्हा मशीनला भिणारा माणूस बरोबरच भीत होता. पण आज तुमच्या दाढेच्या फोटोला लागणारा वेळ सेकंदाच्या एका छोट्या तुकड्याइतका असतो. पापणी लवेपर्यंत काम होतं. जिथे फिल्म असायची तिथे आता तोंडात सेन्सर ठेवतात आणि त्याला जुन्या फिल्मच्या मानानं निम्म्याहूनही कमी किरण पुरतात. आपल्याकडे डॉक्टर ज्याला आरव्हीजी म्हणतात ते हेच तंत्र. १९८७ मध्ये फ्रान्समधल्या फ्रान्सिस मुयेन या दंतवैद्यानं ते आणलं.

आकडे सांगते, सासूबाईंना वाचून दाखवता येतील. एका दाढेच्या डिजिटल फोटोत शरीराला साधारण १ ते ८ मायक्रोसिव्हर्ट (किरणोत्सार मोजायचं माप) एवढा किरणोत्सार मिळतो. माती, खडक, आकाश, अन्न यांतून माणसाला काही न करताही किरणोत्सार मिळतच असतो. त्याची जगाची सरासरी वर्षाला २४०० मायक्रोसिव्हर्ट आहे, म्हणजे दिवसाला साडेसहाच्या आसपास. केरळच्या किनाऱ्यावर मोनाझाइट या किरणोत्सारी खनिजाची वाळू आहे, तिथे तो कितीतरी जास्त असतो आणि तिथेही पिढ्यान्‌पिढ्या संसार चालले आहेत. तेव्हा एक फोटो म्हणजे फार तर सव्वा दिवसाचं जगणं.

आणि हा झोत असतो गालावर रोखलेला, टोकाशी लहान वाटीच्या तोंडाएवढा. पोट त्याच्या वाटेतच नाही. पोटापर्यंत काही पोचलंच तर ते शरीरातून विखुरलेलं असतं, ०.०१ मिलिग्रेपेक्षाही कमी (मिलिग्रे हे अंगात शोषलेले किरण मोजायचं माप). गर्भात व्यंग किंवा गर्भपात होण्याचा विचार डॉक्टर ज्या पातळीपासून करू लागतात ती १०० मिलिग्रेच्या आसपासची आहे. दोन्हींत किमान दहा हजार पटींचं अंतर. म्हणून गरज असेल तर गरोदरपणात दाताचा फोटो काढायला वैद्यकशास्त्राची हरकत नाही.

नणंदेचं दुःख मात्र आकड्यांनी खोडायची गोष्ट नाही, म्हणून ते वेगळं घेते. दिवस गेल्याचं कळल्यानंतरही दर १०० गर्भारपणांत १० ते २० वेळा गर्भ टिकत नाही आणि बहुतेक वेळा हे पहिल्या तीन महिन्यांतच होतं. त्यातल्या निम्म्याच्या आसपास गर्भांच्या गुणसूत्रांतच मुळात गडबड असते. आईनं काय खाल्लं, कुठे गेली, कशाखाली हात ठेवला याचा त्याच्याशी संबंध नसतो. हाताच्या एक्स-रेनं ते बाळ गेलं असं मानायला आधार नाही. आपल्या घरांत दुःखाला कारण शोधल्याशिवाय चैन पडत नाही आणि सगळ्यात जवळ जे सापडतं त्यावर ते लादलं जातं. इथे मशीन सापडलं. पण विचार करा, मशीनखाली हात नणंदेनं स्वतः ठेवला होता. इतकी वर्षं ती मनात काय घेऊन फिरत असेल? हे पत्र तिलाही दाखवा. माझ्या दृष्टीनं या उत्तराची तुमच्याइतकीच गरज तिला आहे.

सासूबाई आडमुठ्या आहेत असं तुम्ही स्पष्ट लिहिलं नाही, पण तसा सूर जाणवला. ज्या बाईनं घरात एक बाळ गेलेलं पाहिलं, ती दुसऱ्या वेळी दार अडवून उभी राहणारच. तिच्याशी वाद घालू नका, तिला सोबत घ्या. कसं, ते पुढे सांगते.

आता चार महिने लवंग धरण्याबद्दल. थांबलं म्हणजे काही केलं नाही, आणि काही केलं नाही म्हणजे धोका नाही, असं आपण धरून चालतो. दाढेच्या बाबतीत हे खरं नाही. रात्री आपोआप उठणारा, आडवं झालं की वाढणारा ठणका म्हणजे कीड बहुधा दाढेच्या नसेपर्यंत गेली आहे. गाल सुजला होता म्हणजे मुळाच्या टोकाशी पू झालेला असू शकतो. सूज उतरली म्हणून तो गेला असं नाही, बऱ्याचदा त्याला फक्त वाट मिळालेली असते. लवंगेनं ठणका थोडा वेळ बधिर होतो, जंतू तिथेच राहतात. शिवाय आईची झोप आणि जेवण दोन्ही गेलं की बाळाच्या वाट्याला काय येतं हे तुम्हाला मी सांगायला नको. तुम्ही डाव्या बाजूनं भाकर कुस्करून खाता असं लिहिलंय, ते वाचून मला फार वाईट वाटलं.

आणि थांबून थांबून नवव्या महिन्यात रात्री दोनला सूज जबड्याखाली उतरली तर? तेव्हा फोटोही लागेल, इंजेक्शनही आणि दवाखान्यात भरतीही. आत्ता तुम्ही ज्या महिन्यांत आहात, चौथा ते सहावा, तोच दातांच्या कामासाठी सगळ्यात सोयीचा काळ आहे. पुढे खुर्चीत पडून राहणंच जड जातं.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. जबड्याखाली किंवा गळ्याकडे सूज आली, ताप भरला, तोंड उघडेना, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास व्हायला लागला, तर फोटो, घरातली संमती, उद्याची एसटी कशाचीही वाट बघू नका. त्याच रात्री मोठ्या दवाखान्यात जा.

तुमच्या यजमानांचा मुद्दा मी टाकून देणार नाही. दाढ दिसते, मग फोटो कशाला? दिसतो तो दाढेचा माथा. मुळं हाडात असतात आणि तुमचं दुखणं बहुधा तिथे आहे. शिवाय जी दाढ दिसते तीच दुखते असंही नसतं.

२००१ मधली गोष्ट. औसा तालुक्यातली एक शेतमजूर बाई माझ्याकडे आली होती. खालच्या दाढेवर बोट ठेवून ठेवून सांगत होती, हीच काढा. दाढ काळी होती. लोडशेडिंग चालू होतं, मशीन बंद, तिची परतीची एसटी चारची. मी फोटोशिवाय दाढ काढली. तिसऱ्या दिवशी ती परत आली, ठणका तसाच. त्या दिवशी वीज होती. फोटोत दिसलं की कीड वरच्या दाढेत होती, दोन दातांच्या मधल्या फटीत, आरशातून दिसणार नाही अशा जागी. एकाच बाजूच्या वरच्या आणि खालच्या दाढांचं दुखणं असं एकमेकांवर जातं, माणसाला स्वतःलाही कळत नाही. मी काढलेली दाढ नुसती वरून डागाळलेली होती. ती बाई मला एका शब्दानं बोलली नाही. पदराच्या गाठीतून दुसऱ्या दाढेचे पैसे सोडायला लागली. मी ते घेतले नाहीत, पण तिची दाढ काही परत आली नाही. त्यानंतर फोटो न बघता मी दाढेला पक्कड लावलेली नाही.

पण यजमानांच्या संशयालाही जागा आहे, हे मी दाताची डॉक्टर असूनच सांगते. फिल्म होती तेव्हा प्रत्येक फोटोमागे खर्च आणि खटाटोप होता. १९९८ मध्ये मी लातूरला दवाखाना सुरू केला तेव्हा बाथरूमच्या खिडकीला काळा कागद चिकटवून अंधारखोली केली होती. लाल दिवा, तीन वाट्या : डेव्हलपर, पाणी, फिक्सर. मे महिन्यात डेव्हलपर तापायचं आणि फिल्म काळवंडायची, म्हणून ती वाटी बर्फाच्या पाण्यात ठेवायचो. शेवटी फिल्म वाहत्या पाण्यात नीट धुवावी लागते. लातूरात वाहतं पाणी कुठलं? बादलीत बुडवून काढायचो. नीट न धुतलेली फिल्म दोन वर्षांत पिवळी-तपकिरी पडायची. पेशंट तीच जपून, वहीत घालून परत आणायचा आणि त्यात काही दिसायचं नाही. पुन्हा फोटो, पुन्हा किरण. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, त्याच्या आदल्या वर्षी मी कर्ज काढून आरव्हीजी घेतलं. बाकी डॉक्टरांना चित्राची स्पष्टता हवी होती. मला पाण्यापासून सुटका हवी होती.

आता बटण दाबलं की स्क्रीनवर चित्र येतं. चित्र नीट आलं नाही तर आणखी एक, तिरकं आलं तर अजून एक. एका फोटोचे किरण निम्म्यावर आले आणि फोटो तिप्पट निघाले, तर फायदा कुठे राहिला? हे काही दवाखान्यांत होतं. म्हणून ‘फोटो काढू की नको’ यापेक्षा डॉक्टरांना एक सरळ प्रश्न विचारा : "डॉक्टर, हा फोटो बघून काय ठरणार आहे?"

तुमच्या डॉक्टरांनी याचं उत्तर आधीच दिलं आहे. नस वाचते का, रूट कॅनल जमेल का, की दाढ काढावी लागेल, हे फोटो बघून ठरणार. हे चांगलं उत्तर आहे. त्यासाठी ३०० रुपये आणि एक फोटो देण्यासारखा आहे. पण कुणी म्हणालं, "सगळ्यांचाच काढतो, रुटीन आहे", तर गरोदर बाईनं म्हणावं, "मग बाळंतपणानंतर काढू." दात सरळ करायच्या तारांसाठी लागणारा अख्ख्या जबड्याचा ओपीजी, अक्कलदाढ काही त्रास देत नसताना तिचा तपास, त्रिमितीय स्कॅन, हे सगळं चार महिने थांबू शकतं. हाच प्रश्न लेकरांच्या दातांसाठी विचारा, म्हाताऱ्या आईवडिलांच्या इम्प्लांटसाठीही विचारा.

फोटोलाही सगळं दिसत नाही, हेही सांगून ठेवते. दातातली खनिजं ३० ते ५० टक्के गेल्याशिवाय कीड फोटोत उमटत नाही. बारीक तडा कित्येकदा दिसत नाही. आणि गुटख्यानं किंवा मिश्रीनं गालाच्या आतली कातडी पांढरी, ताठ होते ती फोटोत अजिबात येत नाही, तिथे डॉक्टरांनी बॅटरी धरून तोंडच बघावं लागतं. यजमान गुटखा खात असतील तर तुमच्यासोबत त्यांनीही तोंड दाखवून घ्यावं.

रूट कॅनल ठरलं तर आणखी दोन-तीन फोटो लागू शकतात, मुळाची लांबी मोजायला आणि शेवटी भरलेलं नीट बसलं का बघायला. तेव्हा विचारा, "तुमच्याकडे अॅपेक्स लोकेटर आहे का?" हे छोटं यंत्र विजेच्या अगदी हलक्या प्रवाहानं लांबी सांगतं, त्यामुळे मधले फोटो वाचतात. आत्ता फक्त नस काढून, औषध भरून ठणका थांबवायचा आणि उरलेलं काम बाळंतपणानंतर करायचं, हाही रस्ता असतो. मला तुमच्यासाठी तोच बरा वाटतो, दाढ वाचण्यासारखी असेल तर. भूल देण्याचं लिग्नोकेनचं इंजेक्शन गरोदरपणात चालतं, त्याला भिऊ नका. कितवा महिना आहे आणि कोणती औषधं चालू आहेत, हे मात्र खुर्चीत बसण्याआधी सांगायचं.

फोटोच्या दिवशी सकाळी उलटीचा त्रास होत असेल तर दुपारची वेळ मागा. सेन्सर जाड आणि कडक असतो, खालच्या दाढेमागे ठेवला की ओकारी येते. जिभेच्या टोकावर मिठाचे दोन-चार कण ठेवा, नाकानं सावकाश श्वास घ्या आणि पायाचे अंगठे वर उचलून तिकडे लक्ष द्या. हसाल तुम्ही, पण माझ्याकडे हे रोज उपयोगी पडलं आहे. सेन्सर एका माणसाच्या तोंडातून दुसऱ्याच्या तोंडात जातो, म्हणून त्यावर तुमच्यासमोर नवं प्लास्टिकचं कव्हर चढवायला सांगा. शिशाचा एप्रन मागा. अमेरिकेच्या दंतवैद्यक संघटनेनं २०२४ मध्ये त्याची आता गरज नाही असं सांगितलं, कारण झोतच इतका नेमका झाला आहे. पण आपल्याकडे तो बहुतेक दवाखान्यांत असतो आणि त्यानं तुमच्या घरच्यांना धीर येणार असेल तर घाला. एक्स-रे मशीनला अणुऊर्जा नियामक परिषदेची परवानगी लागते, तीही विचारायला संकोच करू नका.

फोटो झाला की त्याची मूळ फाइल व्हॉट्सअॅपवर मागून घ्या, नाव, तारीख आणि उजवी-डावी बाजू लिहिलेली. स्क्रीनचा मोबाइलनं काढलेला फोटो नको, त्यात बारकावे जातात. उद्या नांदेडला किंवा परभणीला दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यावंसं वाटलं तर तीच फाइल चालेल, दुसऱ्यांदा किरण घ्यायला नकोत. ३०० रुपये जड जात असतील तर जिल्हा रुग्णालयात दंत विभाग असतो. निघण्याआधी मशीन चालू आहे का, एवढं फोनवर विचारा. गुंतागुंतीचं काही निघालं तर छत्रपती संभाजीनगरचं शासकीय दंत महाविद्यालय आहे.

आता सासूबाई. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची तपासणी असते. या ९ ला त्यांना सोबत न्या आणि फोटोचा प्रश्न तुम्ही नका विचारू, त्यांनाच विचारू द्या. सुनेनं घरी येऊन सांगितलेलं आणि डॉक्टरीणबाईंनी तोंडावर सांगितलेलं, यांत फरक पडतो. गावच्या आशाताईंना बरोबर घेतलं तर अजून बरं. ९ तारीख लांब असेल तर तिची वाट बघू नका, इतर दिवशीही डॉक्टर भेटतात.

दंतवैद्याकडेही त्यांना घेऊन जा. किरण सोडताना सगळे खोलीबाहेर थांबतील, त्याही थांबतील. मग आत बोलवा आणि स्क्रीनवरची दाढ दाखवायला डॉक्टरांना सांगा : हा माथा, ही मुळं, आणि टोकाशी दिसतोय तो काळा डाग. माझ्याकडे आलेल्या कितीतरी म्हाताऱ्या बाया तो डाग बघून गप्प झाल्या आणि मग स्वतःच म्हणाल्या, "मग करा बाई लवकर."

कामाच्या वेळी सरळ उताणं पडू नका. वाढलेल्या पोटाचा भार पाठीकडच्या मोठ्या रक्तवाहिनीवर येतो आणि घेरी येते. उजव्या कुशीखाली छोटी उशी हवी, म्हणजे अंग डावीकडे कलतं. दवाखान्यात तशी उशी नसेल, घरून न्या. ती नीट धरून ठेवायचं काम सासूबाईंना द्या.